शेवंतीचं गंगावन

९ जून

यांच्या शेवटच्या वरातीच्या दिवशी सकाळी मी लीद काढली. एप्रिलमध्ये टाकीचं पाणी सकाळीच तापतं, म्हणून आमच्या घोडीच्या, शेवंतीच्या, दोन बादल्या मी आदल्या दिवशीच माठाशेजारी भरून ठेवायची. त्या तिच्यापुढे नेऊन ठेवल्या. कडब्याची कुट्टी ओली करून घमेल्यात घातली, वर भिजवलेले चणे टाकले. अंगणात सडा घातला, दूध तापत ठेवलं. हे खरारा करत होते. खरारा झाला की घोडीच्या बाजूला बादली उपडी घालून तिच्यावर उभे राहायचे आणि आयाळीची वेणी घालायला घ्यायचे. बाकीचे घोडीवाले बाजारातली तयार झालर टाकतात. यांना ते पटायचं नाही. कानांमागून थेट पाठीपर्यंत, मानेला धरून, केसांतच लाल लोकर आणि सोनेरी जरीचा गोटा गुंफत न्यायचे. शेवंती पांढरी. तिच्यावर ते फार उठून दिसे.

"इंदू, पाह्य बरं, सरळ आली का?"

"सरळच येते तुमची. चहा थंडा होऊन राहिला."

तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून मी आत पळाले. वेणी नीट पाहिलीच नाही.

त्या संध्याकाळी नवरदेवाला मांडवापर्यंत पोचवून परत येताना यांच्या छातीत कळ आली. धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी गेले.

हे लिहायचं नव्हतं. ही वही आयाळीची आहे. जनावरांच्या डॉक्टर उन्नतीताई म्हणाल्या, काय लावलं, काय दिसलं ते लिहीत जा काकू, म्हणजे मला समजेल. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं सगळं दिरांच्या रद्दीच्या दुकानातलं वाचलं. मधुकररावांचं दुकान इतवारीत आहे. "वहिनी, याची पानं पुरी हायेत," म्हणून पुस्तक आणून द्यायचे. त्यामुळे वाचायची सवय आहे, लिहायची नाही.

तर आयाळीचं. वेणी यांनी चांगली घट्ट घातली होती, म्हणून मी ती सोडली नव्हती. तेरवी झाली, मे महिना गेला. वरातीला न्यायला माणूसच नाही, तर उगाच कशाला विस्कटायची? रोज वरून खोबरेल चोळत होते. मग वास यायला लागला आणि शेवंती मान अंगणातल्या कडुलिंबाला घासू लागली. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. काही फरक पडला नाही.

काल उन्नतीताईंनी कात्रीने वेणी मोकळी केली. खाली कातडं लाल, ओलं, वर पांढरे पोपडे. केस मुठीने निघाले. आता कानांपाशी थोडी आयाळ आहे, पाठीपाशी थोडी, आणि मध्ये उघडी मान.

"ही कधी घातली होती, काकू?"

"लग्नाची आहे," मी म्हटलं.

त्यांनी कातडं जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, ही बुरशी आहे, वेणी जाळून टाका, तिच्यात सगळं भरलंय. उरलेली आयाळही कापून टाकू, म्हणजे हवा लागेल, औषध मुळाशी जाईल आणि सगळी सारखी वाढेल.

कापायची नाही, असं मी सांगितलं. ‘का?’ असं त्यांनी विचारलं. माझ्या माहेरी वडिलांची एक म्हातारी आत्या होती. लाल लुगडं, डोक्यावर पदर, पदराखाली काही नाही. कुणी शुभकार्याला निघालं की ती आपणहून मागच्या दारी जाऊन बसायची. आम्ही पोरं तिला बोडकी आजी म्हणायचो. तिनेही कधी काही म्हटलं नाही.

वेणी धुतली, सावलीत वाळवली आणि यांच्या फेट्यात गुंडाळून पेटीत ठेवली. जाळण्यासारखं तिच्यात काही नाही. गोटा अजून चमकतो.

१४ जून

औषधाच्या पाण्याने मान धुतली. हातमोजे घालून मलम लावलं. कडुलिंबाला गोणपाट बांधलं, तर ती खुंट्याला घासायला लागली. खुंट्यालाही बांधलं.

मधुकरराव संध्याकाळी आले आणि उभ्याउभ्याच बोलले.

"वहिनी, बसून खाणारं जनावर आपल्याले परवडते का, तुमीच सांगा."

"ती बसते कुठं? उभीच असते."

ते हसले नाहीत. "मी गंमत नाई करून राहिलो. घोडी दादाची न् माझी, दोघांची होती. तुळशीच्या लग्नापर्यंत मी काही म्हणत नाई. सीझनमध्ये वराती लागल्या तर राहू द्या, चालवायले माणूस मी पाहतो. नाई लागल्या तर उमरेडचा एक जण मागून राहिला."

"काहून मागून राहिला? तिची मान पाहिली का त्यानं?"

"गावाकडं चालते म्हणे. वरून झालर टाकतो."

तुळशीच्या लग्नापर्यंत आयाळ यायला हवी. उन्नतीताई वर्ष लागेल म्हणाल्या होत्या. पण डॉक्टर हातचं राखून सांगतात.

२ जुलै

उन्नतीताई रागावल्या. बायकांच्या केसांवरच्या एका पुस्तकात माका आणि जास्वंदीचं तेल दिलं आहे. ते मी कढवून आठवडाभर लावलं. वास छान येत होता. त्यावर धूळ बसली, माश्या बसल्या, आणि खाली पुन्हा ओलं झालं.

"काकू, तेल नको म्हटलं होतं ना?"

"केसाला तेल नको, हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

"हे केस नाहीत, ही जखम आहे."

१३ जुलै

उघड्या मानेवर लव आली आहे. बोट उलटं फिरवलं की टोचते. मी शेवंतीला दोनदा सांगितलं. तिने कान हलवले.

वेणी पेटीतून काढून तिच्या मानेवर धरून पाहिली, अजून किती वाढायचं ते कळावं म्हणून. हे रोज करते. अंदाज राहतो.

२१ जुलै

लव आलेल्या जागी पुन्हा गोल चट्टे, पांढरा कोंडा. औषध एक दिवसही चुकलेलं नाही. गोणपाट उकळून घेतलं, खरारा नवा आणला, जागा चुन्याने सारवली. हे येतं कुठून?

३० जुलै

उन्नतीताईंनाही कळत नाही. औषध बदललं. निघताना माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या गालावर हे काय?"

डाव्या गालावर रुपयाएवढा चट्टा आहे. खाजतो. मी म्हटलं, डास चावला असेल.

"डास असा गोल चावत नाही. हातमोजे घालता ना?"

"घालते."

"मग हाताला नाही आणि गालाला कसं?"

मला काय माहीत? त्यांनी मलाही मलमाची ट्यूब दिली. शेवंतीचं आणि माझं मलम एकच निघालं.

२३ ऑगस्ट

काल पोळा. शेवंती बैल नाही, तरी हे दर वर्षी तिलाही पुरणपोळी द्यायचे. मी दिली. तिने हुंगली आणि सोडली.

आज मारबत, रोगराईचे पुतळे मिरवत नेऊन जाळायचा दिवस. दर वर्षी हे मला महाल भागात मिरवणूक पाहायला न्यायचे. या वर्षी जायचं नव्हतं, पण पाय निघाले. काळी पुढे गेली, पिवळी आली, सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत. मीही ओरडले. मानेची खाज घेऊन जा, चट्टे घेऊन जा. शेजारची एक बाई माझ्याकडे पाहायला लागली. मी पुढचंही काहीतरी ओरडायला तोंड उघडलं होतं. काय ते आठवत नाही. तशीच गर्दीतून बाहेर पडले.

१५ सप्टेंबर

आज लिहायला बसवत नाही, पण लिहायचं ठरलं आहे.

उन्नतीताईंनी मान दाबून, चाचपून पाहिली. म्हणाल्या, बुरशी कमी आहे. दोन बाजूंना केस येतील. पण मधल्या या हातभर जागेत कातडं मेलं आहे, खाली मुळंच उरली नाहीत. तिथे येणार नाही.

"कधी येणार नाही?"

"कधीच नाही, काकू."

मी चहा केला. त्यांनी घेतला. त्या गेल्यावर मी शेवंतीपाशी जाऊन त्या हातभर जागेवर हात ठेवला. गुळगुळीत आहे. गरम आहे. ती जागा मी तीन महिने धुतली, पुसली, तिच्यावरच्या माश्या हाकलल्या. माझ्यासाठी सगळी आयाळ म्हणजे तीच जागा होती. बाजूचे केस काय, ते आलेच असते.

१८ सप्टेंबर

काही नाही. धुतलं. लावलं.

४ ऑक्टोबर

मधुकररावांनी आणलेलं पुस्तक तसंच पडून आहे. पहिलं पान चारदा वाचलं. अक्षरं दिसतात, वाक्य होत नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"वहिनी, पानं कमी हायेत का याची?" त्यांनी आज विचारलं.

"पुरी आहेत," मी म्हटलं.

२६ ऑक्टोबर

बँडवाले नत्थूजी आले. यांच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षं वराती केलेला माणूस. आले तेव्हा रडले, नाक पुसलं, आणि लगेच कामाचं बोलले.

"इंदूबाई, तुळशीचं लग्न झालं की पहिलीच वरात हाये, मोठी पार्टी. त्याइले पांढरीच घोडी पाहिजे. मी शेवंतीचं नाव देऊन चुकलो."

मी त्यांना मान दाखवली. त्यांनी आपल्या टकलावरून हात फिरवला.

"अर्रर्र. बाप्पा. हे तर माह्या डोक्यासारखं झालं."

"वरून झालर टाकू."

"झालर कामाची नाई. आजकाल नवरदेवापेक्षा घोडीचे फोटो जास्त निघतात. वरून ड्रोन फिरते. वरून पहिले काय दिसते? घोडीची मान!" मग डोकं खाजवत म्हणाले, "बायका नाई का लावत, ते... काय म्हणतात त्याले... गंगावन?"

ज्यांचे केस पातळ असतात त्या बायका वेणीत खोटे केस गुंफतात, ते गंगावन. माझ्या लग्नात मलाही लावलं होतं. पहिल्याच दिवशी ते यांच्या हातात आलं. तेव्हापासून मी वेणी घालायला बसले की हे विचारायचे, "आज किती घरची, किती बाजारची?"

५ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं. आमच्या दारात या वर्षी नाही लावलं. मधुकररावांकडे होतं, ते बोलवायला आले होते. मी घोडीचं कारण सांगितलं.

नत्थूजींनी इतवारीतून नायलॉनचे पांढरे केस आणून दिले. मानेवर धरले तर बाहुलीचे केस वाटतात. शेवंतीनेही अंग काढून घेतलं.

मग यांची वेणी काढली. लांबी तंतोतंत. अर्थात, तिचीच आहे ती.

१२ नोव्हेंबर

पांढऱ्या जाड फितीवर वेणी शिवली. दोन्ही बाजूंना जे नवे केस आले आहेत, बोटभर झाले आहेत, त्यांच्या बारीक बटा करून फीत त्यांना बांधायची. मधली जागा आपोआप झाकली जाते. आज बांधून पाहिली. मागे सरून पाहिलं. सरळ आली आहे.

तशीच राहू दिली दिवसभर. काढावीशी वाटली नाही.

१७ नोव्हेंबर

काल वरात झाली. म्हणजे झाली नाही.

घोडी धरायला मधुकररावांनी माणूस पाहिला होता, पण मी स्वतः बरोबर गेले. वरातीत घोडीबरोबर चालणारी बाई कुणी पाहिली नसेल. नत्थूजींनी मला बँडच्या मागे, दिव्यांच्या पलीकडे ठेवलं. "इंदूबाई, नाराज नका होऊ, पण पुढं नका येऊ. लोकं काहीबाही बोलतात." मी नाराज झाले नाही. मला तिथूनही तिची मान दिसत होती. गोटा चमकत होता. इतकी सुंदर ती यांच्या वेळीही दिसली नसेल.

पार्टी हिंदीवाली होती. त्यांच्यात नवरदेव घोडीवर बसला की त्याची बहीण घोडीला चण्याची डाळ खाऊ घालते आणि आयाळीला लाल धागा बांधते, मग भावाकडून नेग, म्हणजे मानाचे पैसे, मागते. हे मला माहीत होतं. शेकडो वेळा झालं असेल. पण यांच्या वेळी वेणी घोडीचीच असायची, म्हणून ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

मुलीने डाळ दिली. शेवंतीने शहाण्यासारखी खाल्ली. मग तिने वेणीला धागा बांधला, आणि भावाला हसत म्हणाली, "पहले नेग, तब छोड़ूँगी!" आणि वेणी धरून ओढली.

वेणी तिच्या हातात आली. वेणीबरोबर बटाही आल्या. शेवंतीने मान झटकली, आणि मधली उघडी जागा सगळ्या दिव्यांच्या उजेडात आली. ती मुलगी वेणीकडे पाहत राहिली, मग किंचाळली आणि तिने ती खाली टाकली. बँडमधला एक जण वाजवतच होता, त्याला उशिरा कळलं. कुणीतरी म्हणालं, अपशकुन. मग सगळेच म्हणाले. नवरदेवाला उतरवलं आणि गाडीत बसवलं.

नत्थूजी पाहुण्यांपुढे हात जोडत होते. मी दिव्यांच्या मधून पुढे गेले आणि रस्त्यावरची वेणी उचलली. तिच्यावर कुणाचा तरी पाय पडला होता.

परत येताना शेवंती माझ्या खांद्याला नाक लावून चालत होती. नत्थूजी एवढंच बोलले, "आता मले कोणी घोडीचं विचारलं तर मी काय सांगू?"

२० नोव्हेंबर

नवे केस बहुतेक सगळे गेले. मानेवर पुन्हा पांढरा कोंडा, जूनसारखाच. माझ्या गालावरही पुन्हा.

उन्नतीताई आल्या तेव्हा वेणी फितीसकट खाटेवर होती, माझ्या उशीपाशी. त्यांनी ती पाहिली. माझ्या गालाकडे पाहिलं.

"हीच ती?"

"हो."

"मी जाळायला सांगितली होती."

"हो."

त्या खाटेच्या कडेला बसल्या. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी माझा हात धरला. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं. निघताना दारातून म्हणाल्या, "काकू, कात्री तुमच्याकडे आहे ना? मी जूनमध्ये जे सांगितलं होतं, ते अजून करता येईल. मधली जागा यायची नाही. पण तिची खाज तरी थांबेल."

२५ नोव्हेंबर

मधुकरराव दोन दिवस बोलत नाहीत. उमरेडचा माणूस घोडी न घेताच गेला. अंगणात उभं राहून मोठ्याने म्हणाला, "अर्धी आयाळ सांगितली होती तुमी. हे तर बोडकी हाये! इच्यावर कोण बसवन नवरदेवाले?" आणि दुपारच्या एसटीने परत गेला. मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय केलं वं माय," एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाले नाहीत.

तिला आता कुणी नेणार नाही, इथलंही नाही आणि गावाकडचंही नाही. तिच्या चाऱ्याचं मी पाहायला हवं. धंतोलीत दवाखान्यांतल्या माणसांच्या नातेवाइकांना डबे लागतात. सोमवारपासून सुरू करते. त्या रस्त्याने जायला लागेल. जाईन.

झालं ते असं. शनिवारी संध्याकाळी मधुकरराव सांगून गेले, की तो उद्या सकाळच्या गाडीने येतो, घोडी धुऊन ठेवा. मी हो म्हटलं. दिवा लागल्यावर वेणी हातात घेऊन बसले आणि सोडायला लागले. गाठ सुटेना, शेवटी दाताने सोडवली. लाल लोकर वेगळी झाली, गोटा वेगळा झाला, आणि राहिले ते नुसते शेवंतीचे केस, वळणाचे. त्यांत यांचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी लीद काढली. दोन बादल्या तिच्यापुढे ठेवल्या, कुट्टी घातली. मग बादली उपडी घालून तिच्यावर उभी राहिले आणि शेवंतीची उरलेली सगळी आयाळ कापली. ती आणि वेणीचे केस बंबाच्या जाळात टाकले, आणि त्यावर तापलेल्या पाण्याने तिची मान धुतली.